मंदीत १५ लाख: एफडीच ठेवू की रीट, फार्मलँड, इन्व्हॉइस डिस्काउंटिंग वगैरे?

वाकडकर_आदि:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वय ३८, पुण्यात आयटीत, बायको शाळेत शिकवते, मुलगी चौथीत. आमच्याकडे दोन बॅचमधे लोकं काढली, माझं नाव नव्हतं पण पुढच्या क्वार्टरचं कोणीच सांगू शकत नाही. होमलोनचा हप्ता ४६ हजार. एसआयपी चालू आहेत पण ॲप उघडलं की सगळं लालच लाल, आता उघडायचंच बंद केलंय. त्यात १५ लाखाची एफडी मॅच्युअर झाली आणि बँकवाला नवीन रेट सांगताना स्वतःच ओशाळला.

ऑफिसमधला एकजण म्हणतो मंदीत पैसा करतात ते शेअरवाले नसतातच, अल्टरनेटिव्हवाले असतात. त्याचं म्हणणं ५ लाख इन्व्हॉइस डिस्काउंटिंगच्या ॲपवर टाक १३ टक्के मिळतात, ५ लाख मुळशीकडे एक मॅनेज्ड फार्मलँडची स्कीम आहे त्यात पाच गुंठे बुक कर, उरलेले रीटमधे (भाड्याच्या ऑफिस-मॉलचे शेअरसारखे युनिट). सासरे म्हणतात काही नको, सोनं घे. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीची भीती वाटते. कोणी खरंच यात पैसे टाकलेत का? ऐकीव नको, अनुभवाचं सांगा.

निवृत्त_शाखाधिकारी:
अरेतुरे करतो, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

आधी एक सांग, उद्या नोकरी गेली तर हप्ता कशातून भरणार? बायकोच्या पगारात घर चालेल, हप्ता नाही चालणार. म्हणजे हप्ता आणि घरखर्च धरून निदान आठ-दहा महिन्यांची सोय त्या १५ लाखातूनच बाजूला काढावी लागेल आणि ती एफडीतच राहील, रेट कितीही ओशाळवाणा असू दे. शिवाय एका बँकेत व्याजासकट ५ लाखापर्यंतच विमा असतो, तोही २०२० च्या फेब्रुवारीपासून, त्याआधी लाखच होता, तेव्हा दोन बँकांत फोडून ठेव.

आता ते १३ टक्के. ही भानगड कशी चालते बघ. एखाद्या छोट्या कारखानदाराने मोठ्या कंपनीला माल दिला, पैसे ६० नाहीतर ९० दिवसांनी मिळणार, त्याला आज हवेत, म्हणून तो बिल थोडं कमी किमतीत विकतो आणि मधला फरक तुझा. धंदा खराच आहे, खोटा नाही. पण याच कामासाठी रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेले ट्रेड्सचे (बिलं विकायचे) प्लॅटफॉर्म आहेत, आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट, आणि तिथे बिलं विकत घेतात त्या बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था). चांगल्या कंपनीचं बिल तिथे कितीतरी स्वस्त दराने उचललं जातं. मग जे बिल तिथून फिरून तुझ्या मोबाईलवर १३ टक्क्यांना येतं ते बँकांनी का सोडलं असेल? आणि मंदीत सगळ्यात आधी काय होतं, तर मोठी कंपनी पेमेंट लांबवते, ९० चे १५० दिवस होतात आणि ॲपवर तुझ्या रकमेपुढे नुसतं 'डिलेड' दिसत राहतं. कर्ज वसुलीत आयुष्य गेलं माझं, त्या शब्दाचा अर्थ मला माहितेय.

ॲपवर ॲग्रीमेंटची पीडीएफ असते ती उघड आणि त्यात रिकोर्स हा शब्द शोध. विदाउट रिकोर्स लिहिलेलं असेल तर कंपनी बुडाली की बिल विकणाऱ्याकडे परत मागायची सोय नाही.

बाणेर_रीटवाला:
काकांचं इन्व्हॉइसबद्दल पटलं, पण सगळं अल्टरनेटिव्ह एकाच टोपलीत घालू नका. रीट हा शेअर बाजारात लिस्टेड प्रकार आहे, सेबीच्या (बाजाराच्या नियामकाच्या) देखरेखीखाली, सकाळी घेतला दुपारी विकला असं करता येतं, २०२१ पासून तर एक युनिटसुद्धा घेता येतं, आधी २०१९ ला एम्बसी (आपल्याकडचा पहिला रीट) आला तेव्हा किमान २ लाख लागायचे. भाड्याने दिलेली ऑफिसं असतात, माइंडस्पेसची ऐरोलीला आहेत, आपल्या खराडी-येरवड्यातही आहेत, नेक्ससचे मॉल आहेत, आणि वाटण्याजोग्या पैशातला ९० टक्के हिस्सा वाटावाच लागतो असा नियमच आहे. माझ्याकडे दोन रीट आहेत, दर तिमाहीला पैसे येतात, वर्षाला ६ टक्क्यांच्या आसपास.

पण श्रीमंत वगैरे व्हायला घेत असाल तर नका घेऊ. एम्बसी ३०० रुपयांना आला होता, चार वर्षांनी २०२३ ला पण तिथेच घुटमळत होता. मधे कोविडमधे सगळे घरून काम करायला लागले तेव्हा ऑफिसं कोण भाड्याने घेणार म्हणून आपटला होता. आणि आदिसाहेब, तुमच्या केसमधे एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून, या ऑफिसांचे भाडेकरू बहुतेक आयटी कंपन्याच आहेत. तुमचा पगार आयटीवर, वाकडच्या फ्लॅटची किंमत आयटीवर, आता गुंतवणूक पण आयटीच्याच बिल्डिंगमधे. लेऑफ झाले की तिन्ही एकदम हलणार. घ्यायचंच तर लाख-दीड लाखाच्या वर नको.

इन्व्हिट म्हणून अजून एक सुचवतील तुम्हाला, म्हणजे रस्ते आणि वीजवाहिन्यांचे रीटच समजा. यील्ड, म्हणजे वर्षाचं वाटप, १०-१२ टक्के दाखवतात. आयआरबीचा इन्व्हिट २०१७ ला १०२ रुपयांना आला, त्यात सुरत-दहिसर होता, आपला तळेगाव-अमरावती होता. २०२० च्या मार्चअखेर हायवेवरचा टोलच बंद ठेवला सरकारने २० एप्रिलपर्यंत, त्या काळात युनिटचा भाव निम्म्याच्या कितीतरी खाली. वर रस्त्याची मुदत संपली की रस्ता सरकारला परत जातो, म्हणजे जे वाटप येतं त्यातला एक भाग तुमचंच मुद्दल असतं. वाटपाचं स्टेटमेंट येतं त्यात व्याज, डिव्हिडंड आणि मुद्दल परतफेड वेगवेगळं दिलेलं असतं, ते न बघता लोक १२ टक्के १२ टक्के करत बसतात.

गुंठामंत्री_नसलेला:
मुळशीचं मी बोलतो, आमचं गाव तिकडेच.

पहिली गोष्ट, तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे वडिलांच्या किंवा तुमच्या नावे कुठे सातबारा आहे का? नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन तुम्हाला घेताच येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. मग हे स्कीमवाले काय करतात, तर तुम्हाला जमीन देतच नाहीत, कुठे लीज करतात, कुठे एलएलपीत (भागीदारीच्या कंपनीत) पार्टनर करून घेतात, आणि ब्रोशरवर मात्र आंब्याची झाडं, स्विमिंग पूल आणि 'तुमची स्वतःची शेती'. दुसरं, तुम्ही शेतकरी असलात तरी पाच गुंठ्याचा वेगळा सातबारा निघत नाही, तुकडेबंदी (ठराविक मापाहून लहान तुकडा पाडायला बंदी) आडवी येते. २०२५ मधे शहरी भागापुरती ढील दिली सरकारने, पण तुमचा प्लॉट त्यात बसतो का हे तलाठ्याला विचारल्याशिवाय समजू नका (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, गावात अजून भाऊसाहेबच). मग होतं असं की सातबाऱ्यावर तीस-चाळीस जणांची नावं सामाईकात चढतात, तुमचा तुकडा कुठला ते फक्त त्या प्रमोटरच्या नकाशावर. विकायला गेलात की गिऱ्हाईक सातबारा बघतं आणि गाडी वळवतं.

आणि सांगतो, चांगल्या काळातसुद्धा जमीन विकायला वर्ष वर्ष जातं. मंदीत तर बघायलाच कोणी येत नाही, जो येतो तो तुमची नड ओळखून येतो. शेअर रोज लाल दिसतो म्हणून तुम्हाला झोप लागत नाही आणि जमिनीचा भाव रोज कुठे छापून येत नाही म्हणून ती स्थिर वाटते, एवढाच फरक आहे. भाव तिचाही पडलेलाच असतो, कोणी सांगत नाही.

१९९० च्या दशकात सागवानाच्या स्कीमा आठवतात का कोणाला? रोप लावा, वीस वर्षांनी लखपती व्हा. त्या बुडल्यावरच १९९९ ला सेबीने अशा सामूहिक स्कीमांना नोंदणी लागेल असे नियम आणले. तरी २०१९ ला इस्लामपूरकडे कडकनाथ कोंबड्यांत लोकांनी पैसे घातलेच, आणि २०२५ च्या जानेवारीत दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर लोक रडत उभे होते, आठवड्याला व्याज मिळतं म्हणून खडे घेतले होते त्यांनी. फार्मलँडवाले सगळे तसले असं नाही म्हणत मी. पण रिटर्न गॅरंटीड म्हणाला की उठून यायचं.

करवीरची_सून:
सासऱ्यांची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेते 😄

२००८ आठवा. सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारावर आणि ऑक्टोबरात ८ हजाराच्या खाली जाऊन आला, सोनं रुपयात त्या वर्षी वाढलंच. आदिदादा, तुमच्या भीतीला सोनं जास्त जुळतं, कारण नोकरी गेली तर विकायचीही गरज नाही, गोल्ड लोन तासाभरात होतं, साधारण पाऊण किमतीपर्यंत. पाच गुंठे घेऊन बँकेत जा बघू, कोण देतं.

पण दागिना नको. दागिन्यात मजुरी जाते आणि मोडायला गेलं की घट. आमच्याकडे कोल्हापूरला गुजरीत (सराफ बाजारात) जाऊन वेढणी, म्हणजे साधं सोन्याचं वळं, घ्यायची पद्धत आहे, त्यात मजुरी नावापुरती, पण ३ टक्के जीएसटी आहेच आणि लॉकरचं भाडं वेगळं. सगळ्यात छान होते ते सरकारचे गोल्ड बाँड, पहिला हप्ता नोव्हेंबर २०१५ ला २६८४ रुपये ग्रॅमने निघाला आणि आठ वर्षांनी ६१३२ ने पैसे परत, वर दरवर्षी व्याज. पण २०२४ च्या फेब्रुवारीनंतर नवीन काढलेच नाहीत, देणं परवडेना सरकारला. आता सरळ गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं बाजारात घेता-विकता येणारं सोनं). ते ॲपवरचं दहा रुपयाचं डिजिटल गोल्ड मात्र नको, ते आमच्या अखत्यारीत येत नाही असं सेबीनेच जाहीर केलंय.

निवृत्त_शाखाधिकारी:
ताई, बाकी बरोबर, पण २०१२ ते २०१५ पण सांगा की. तोळा ३१-३२ हजारावरून २५ च्या आसपास आला होता आणि लोक वर्षानुवर्षं अडकून होते. इतक्या वर चढलेल्या भावात एकरकमी सोनं घेणं म्हणजे ह्याने शेअर वर असताना घेतले तेच परत करणं. दर महिन्याला थोडं थोडं घे म्हणावं.

करवीरची_सून:
काका हे मान्य. पण थोडं थोडं घ्यायला पगार चालू पाहिजे 😄 म्हणून म्हटलं निदान दोन लाखाचं आत्ता, बाकी बघून.

वाकडकर_आदि:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय असं की साडेनऊ-दहा लाख दोन बँकांत एफडी, वर्षाच्या आतल्या मुदतीच्या. दोनचं सोनं ईटीएफमधे, एकदम नाही, सहा महिन्यांत. एक लाख रीट, तेही मॉलवाला, ऑफिसवाला नको, बाणेरकरांचा मुद्दा डोक्यात बसला. एसआयपी बंद करणार होतो ते नाही करत. उरलेले सेव्हिंगलाच राहू देतो.

फक्त फार्मलँडचं एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांच्या नावे साताऱ्याकडे थोडी शेती आहे, म्हणजे शेतकरी दाखला निघेल. तर स्कीमवाल्याला काल सातबारा मागितला, तो म्हणाला ५१ हजार टोकन दिल्यावर पूर्ण फाईल देतो, त्याआधी कंपनी पॉलिसी नाही. हे नॉर्मल आहे का?

गुंठामंत्री_नसलेला:
कसली पॉलिसी. सातबारा गुप्त कागद नसतो, महाभूमीच्या साईटवर गट नंबर टाकला की कोणालाही फुकट दिसतो, सहीवाला पाहिजे तर १५ रुपये. त्याच्याकडून फक्त गाव आणि गट नंबर माग. दिला तर आधी कब्जेदारात त्याच्या कंपनीचं नाव आहे का बघ, नाहीतर अजून मूळ शेतकऱ्याचंच असतं आणि यांच्याकडे नुसतं साठेखत (पुढे विकू असा करार). मग 'इतर हक्क' वाच, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद तिथे असते. प्रलंबित फेरफार (मालकीबदलाची नोंद) आहे का तेही खाली दिसतं. काही कळलं नाही तर नावं झाकून इथे टाक, मी सांगतो. गट नंबरही द्यायला तयार नसेल तर त्याचा नंबर ब्लॉक कर.