मदत हवी आहे : घरातल्या तीन नॅसचा (नेटवर्कवरून फाइल ठेवायच्या यंत्रांचा) कॉपी स्पीड इतका वेगवेगळा का?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. गेली दोन वर्षे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॅसेट डिजिटल करते आहे. १९७८ पासून २००४ पर्यंत घरगुती बैठका, उरुसातल्या संगीतसभा, कुणाच्या माडीवरचा रियाज, जिथे जिथे परवानगी मिळाली तिथे अण्णा रेकॉर्डर घेऊन बसले. ४१२ कॅसेट, सुमारे ६०० तास. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा घेते, म्हणजे एकूण सव्वा टीबी. शिवाय कार्यक्रमपत्रिका, फोटो आणि अण्णांच्या वह्यांची पाने, असे १८ हजार स्कॅन, २३ जीबी.

अण्णा ८१ वर्षांचे आहेत. कोण गातंय, तबल्यावर कोण, पेटी कोणाची, हे आता फक्त त्यांनाच सांगता येतं. रोज संध्याकाळी आम्ही तासभर ऐकतो आणि मी नावं लिहून घेते. म्हणून फाइल त्यांच्या खोलीत लवकर पोचणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

मांडणी अशी. बैठकीच्या खोलीत फायबरवाल्यांचा राउटर, माझ्या खोलीत आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारं यंत्र), लॅपटॉप वायरने स्विचला जोडलेला. विंडोज ११ प्रो. फाइल ठेवायच्या जागा तीन :

जुना डबा : २०१४ साली घेतलेला, दोन डिस्कचा. स्विचलाच जोडलेला.
नवा डबा : गेल्या दिवाळीत घेतला. हाही दोन डिस्कचा, मिरर लावलेला (दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं), हाही स्विचवर. यातल्या ८ टीबीच्या दोन्ही डिस्क आधी यूएसबीने बाहेरून जोडायच्या होत्या, त्या कव्हरमधून काढून आत बसवल्या.
पाय : अण्णांच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक, त्याला यूएसबी ३ ची डिस्क. भिंतीतल्या जुन्या केबलने राउटरला जोडला आहे.

तिन्हीकडे एकच ६० जीबीचं फोल्डर पाठवून पाहिलं. त्यात २० मोठ्या वेव्ह फाइल आहेत. आकडे विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतले, एमबी प्रति सेकंद.

जुन्या डब्यावर लिहिताना ३८, तिथून वाचताना ५५. दोन्ही अगदी स्थिर. नव्या डब्यावर सुरुवातीला ११३, पण साधारण २५ जीबी गेले की धाडकन ३० वर, मग कधी १२, मध्येच काही सेकंद शून्य. पायवर मात्र लिहा किंवा वाचा, ११.३ पासून काटा हलत नाही.

आणि १८ हजार स्कॅन नव्या डब्यावर टाकायला २६ मिनिटं लागली. हिशोब केला तर १५ सुद्धा पडत नाही.

दुकानदार म्हणतो घरच्या नेटवर्कचा दोष, इंटरनेटवाला म्हणतो डब्याचा. तिन्ही यंत्रं एकाच घरात, एकाच लॅपटॉपवरून तपासली, तरी प्रत्येकाचं वागणं निराळं. नक्की कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद १

ताई, आकडे इतके नीट दिलेत की अर्धं काम झालंय.

आधी ११.३ घ्या, कारण तो आकडा स्वतःच बोलतो. वायरचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला ८ ने भागलं की १२.५ मेगाबाइट. प्रत्येक पॅकेटबरोबर, म्हणजे डेटाच्या तुकड्याबरोबर, पत्त्यांची वेष्टणं जातात, त्यात पाचेक टक्के जातात. उरलेलं विंडोज १०२४ च्या हिशोबाने दाखवतं, म्हणून ११.३. तोच हिशोब गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, लावा, ११३ येतात. म्हणजे नव्या डब्याची पहिली काही मिनिटं तुमची वायर पूर्ण भरून वाहते आहे. पायची वायर १०० वर अडकली आहे.

तेव्हा पायमध्ये दोष नाही. पाय ३ बी प्लस असता तर गोष्ट वेगळी होती. त्यात गिगाबिट पोर्ट असलं तरी ते यूएसबी २ मधून जातं, त्यामुळे ३०० मेगाबिटच्या आसपासच थांबतं. २०१९ च्या पाय ४ पासून पूर्ण गिगाबिट मिळतं.

आता डिस्कला हात न लावता फक्त वायर मोजा. आयपर्फ३ नावाचं छोटं प्रोग्राम आहे. एका टोकाला सर्व्हर म्हणून चालवायचं, लॅपटॉपवर क्लायंट म्हणून. ते मेमरीतून मेमरीत डेटा पाठवतं, डिस्क मध्ये येतच नाही. ९३०-९४० मेगाबिट आले तर वायर, स्विच, नेटवर्क कार्ड सगळं ठीक. पायवर इथटूल ही वायरचा वेग दाखवणारी कमांड चालवून स्पीडच्या ओळीत १०० दिसतंय की १०००, तेही पाहा. राउटरचे पोर्टही तपासा, काही राउटरना एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल रात्री मोजलं. नवा डबा ९४५, जुना ९३०, पाय ९४. इथटूल म्हणतं १००. राउटरचं पोर्ट बदललं, फरक नाही. पाय उचलून माझ्या स्विचला लावला तर थेट ९४०! म्हणजे भिंतीतली केबल. पण ती कॅट-५ई, म्हणजे गिगाबिटला चालणाऱ्या दर्जाची, आहे, वर तसं छापलंय. मग ती गिगाबिट का देत नाही?

प्रतिसाद १

दोन्ही टोकांचे प्लग उजेडात धरून पाहा. आत किती तारा आहेत मोजा. १०० मेगाबिटला चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही हव्यात. चारच असतील तर दोन्ही बाजूची यंत्रं आपसात ठरवून १०० वर येतात, काही तक्रार न करता.

धागाकर्ती

चारच आहेत. निळी आणि तपकिरी जोडी प्लगमध्ये नाहीच. आणि कारणही सापडलं. घराचं वायरिंग झालं तेव्हा निळ्या जोडीवर अण्णांच्या खोलीतला लँडलाइन फोन जोडून दिला होता. तो फोन आजही चालू आहे. अण्णांचे जुने स्नेही त्याच नंबरवर फोन करतात, आणि एखादी चीज ओळखता आली नाही की अण्णाही त्यावरूनच विचारतात. ती जोडी मी तोडणार नाही. अण्णांच्या खोलीपर्यंत पट्टीतून वेगळी केबल टाकून घेते.

एक गाठ सुटली. नव्या डब्याचं कोडं मात्र कळत नाही. वायर ९४५ देते, मग २५ जीबीनंतर काय होतं?

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं सर्व्हरच्या डिस्क सांभाळतो, म्हणून फक्त यावर लिहितो.

दोन गोष्टी करून पाहा. एक, नव्या डब्यावरून तेच फोल्डर लॅपटॉपवर वाचा. दोन, डबा रात्रभर चालू ठेवा पण त्याला काही काम देऊ नका आणि सकाळी पुन्हा लिहा. वाचताना शेवटपर्यंत ११३ राहिले आणि सकाळी पहिले २५ जीबी पुन्हा वेगाने गेले, तर तुमच्या डिस्क एसएमआर जातीच्या आहेत असं समजा. डिस्कवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत शोधलात तर खात्री होईल.

एसएमआर म्हणजे कौलं रचतात तशा डिस्कवरच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढचीही उचलून परत बसवावी लागतात. डिस्क हे लपवण्यासाठी नवं लिखाण आधी एका साध्या राखीव भागात घेते आणि रिकामा वेळ मिळाला की मुख्य पट्ट्यांवर नेऊन रचते. तुम्ही थांबलाच नाहीत तर राखीव भाग भरतो. मग तिला लिहिणं आणि रचणं एकाच वेळी करावं लागतं, आणि स्पीड ३०, १२, शून्य. बाहेरून जोडायच्या स्वस्त मोठ्या डिस्कमध्ये हा प्रकार बऱ्याचदा सापडतो. वाचताना कौलं उचलावी लागत नाहीत, म्हणून वाचन वेगातच राहतं.

तुमच्या कामाला ही डिस्क अगदीच वाईट नाही. एकदा लिहायचं आणि वर्षानुवर्षं वाचायचं, हे ती नीट करते. दर रात्री २० जीबी टाका, रोजची भर तेवढीच असणार. पण मिररमधली एक डिस्क गेली आणि नवी बसवून सगळं परत रचायची वेळ आली, तर एसएमआर डिस्क त्यात फार रखडते, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे त्या डब्यात एकच प्रत असेल. म्हणून पुढची डिस्क घेताना बिलावर सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, असं लिहून घ्या.

प्रतिसाद ३

जुन्या डब्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कॉपी चालू असताना त्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रोसेसर किती टक्के दिसतो? ९८-१०० असेल तर डिस्क कामाविना बसली आहे आणि प्रोसेसर दमला आहे. शेअर केलेलं फोल्डर एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं गुप्त) केलंय का, तेही बघा. त्या काळच्या अनेक छोट्या डब्यांच्या प्रोसेसरमध्ये एन्क्रिप्शनची वेगळी सोय नव्हती, सगळं आकडेमोडीने करावं लागतं.

शिवाय २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रोमध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं आहे (एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची पद्धत). प्रत्येक पॅकेटवर सही, म्हणजे दुबळ्या प्रोसेसरवर आणखी ओझं. माझा सल्ला, स्पीडसाठी ती बंद करू नका. मधल्या मधे कोणी डेटा बदलू नये म्हणून ती आहे.

१८ हजार स्कॅनचं उत्तर सोपं आहे. प्रत्येक फाइलमागे उघडणं, नाव नोंदवणं, बंद करणं असे निरोप दोन्ही बाजूंना जातात. तीन जीबीच्या वेव्हला हे एकदाच लागतं, स्कॅनना १८ हजार वेळा. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडला एमटी हा पर्याय लावून १६ फाइल एकदम पाठवा, किंवा वर्षवार झिप करून एकेकच पाठवा.

धागाकर्ती

सगळ्यांचं म्हणणं तपासलं. चार दिवस लागले, कारण दिवसा वीज जात होती.

नवा डबा : वाचताना ६० जीबीभर ११३, एकदाही खाली नाही. रात्रभर विश्रांतीनंतर पहिले २५ जीबी पुन्हा वेगात. मॉडेल नंबर शोधला, एसएमआरच.

जुना डबा : प्रोसेसर ९९ टक्के. फोल्डर एन्क्रिप्टेड आहे, ते मीच २०१४ साली केलं होतं आणि विसरले होते. साधं फोल्डर करून पाठवलं तर लिहिताना ६६, वाचताना ८०.

स्कॅन : रोबोकॉपीने २६ मिनिटांऐवजी ११.

पाय, तात्पुरती केबल जमिनीवरून टाकून : ११२. सव्वा टीबीला आधी सव्वा दिवस लागला असता, आता तीन तास.

प्रतिसाद ४

ताई, मी बेळगावची. स्पीड मिळाला याचा आनंद आहे, पण हे रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून एक विनंती. कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइलचं चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढून यादी ठेवा, ते काढायला शा-२५६ ही पद्धत पुरेशी आहे. तीन ठिकाणच्या याद्या जुळल्या तरच प्रती सारख्या. तीनही यंत्रं एकाच छताखाली आहेत, तेही बघा. मिरर म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

धागाकर्ती

अगदी खरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या घरातले सगळे अल्बम गेले. आजोबांचा एकही फोटो राहिला नाही. ते मी पाहिलं आहे, तरी चौथी प्रत घराबाहेर ठेवायचं सुचलं नव्हतं.

आता असं ठरवलं आहे. मूळ प्रत नव्या डब्यात, रात्री थोडी थोडी. ऐकण्याची प्रत पायवर. जुना डबा दर रविवारी चालू करून भर टाकायची आणि पुन्हा बंद. आणि २ टीबीची एक साधी डिस्क, चेकसमच्या यादीसह, कोल्हापूरला बहिणीकडे. दर तीन महिन्यांनी मी जाते तेव्हा अदलाबदल करेन.

नवीन केबल शनिवारी पट्टीत बसेल. शेवटचा एक प्रश्न : अण्णांच्या खोलीपर्यंत अंदाजे १८ मीटर होतात. पुन्हा कॅट-५ई टाकू की कॅट-६? पुढे कधी २.५ गिगाबिटचा स्विच घ्यावासा वाटला तर ही पट्टी परत उचकटायची नाही, अण्णांना धुळीचा त्रास होतो.

प्रतिसाद १

२.५ गिगाबिट कॅट-५ई वरही १०० मीटरपर्यंत चालतं, ते मानक २०१६ मध्ये त्याच जुन्या केबलींसाठी आलं. तरी १८ मीटरला किमतीतला फरक थोडाच, कॅट-६ टाका. फक्त पूर्ण तांब्याची घ्या. सीसीए लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, ती नको. आणि माणूस घरातून निघण्याआधी आठही तारा मोजून घ्या, इथटूलमध्ये १००० दिसल्यावरच पट्टी बंद करायला सांगा.