मुलीच्या क्लिपची तार आधी मऊ, आता कडक. हे उलटं नाही का?

उद्यमबागचा टर्नर:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत 22 वर्षं लेथवर आहे, म्हणून धातूतलं थोडं कळतं असा माझा समज. धाकटीला (वय 14) आठ महिन्यांपूर्वी शहापुरात दाताला क्लिप बसवली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तार बोटाला गुंडाळून दाखवली. सोडल्यावर टणकन परत होती तशी कमान! तशी स्प्रिंग मी आयुष्यात बघितली नव्हती.

गेल्या मंगळवारी तसली तार काढून स्टीलची घातली. घरच्यांचं म्हणणं, महागडी काढून स्वस्तातली बसवली. माझी शंका वेगळी. आमच्याकडे रफिंगला मोठा कट, फिनिशिंगला बारीक. इथं आधी नाजूक तार, मग दणकट. पहिल्यापासून जोर लावला असता तर महिने वाचले नसते का? कार्डावर तारांची मापं लिहिलीत : 14 नायटाय (ती स्प्रिंगसारखी तार), 16 नायटाय, 17-25 नायटाय (ही चौकोनी), आता 19-25 एसएस, म्हणजे स्टील. 14 आणि 16 मध्ये दोन थाऊंचाच (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक, मग तार बदलायची कशाला?

आणि तारेचं टोक गालाला टोचतंय. पोरगी सारखी "पप्पा, दुखूलालंय" म्हणते. कटरनं घरीच छाटू का?

खानापूरकर:
काका, आधी कटर खाली ठेवा! छाटलेला तुकडा घशात गेला तर? मेडिकलमध्ये ब्रेसेसचं मेण मिळतं, त्याची गोळी टोकावर दाबून बसवा आणि डॉक्टरांना फोन करा. माझी क्लिप दीड वर्ष होती. सुरुवातीच्या तारांना गार पाण्याची चूळ धरली की ओढ कमी व्हायची, स्टीलला तसा काही फरक पडला नाही. कडक भाकरी, भाजलेलं कणीस बंद. कुंदा खाऊ दे, पण ब्रश केल्याशिवाय झोपू देऊ नका.

निपाणीची दंतवैद्य:
दादा, शंका रास्त आहे, पण तुमचा लेथवरचा जॉब चकच्या पकडीत घट्ट धरलेला असतो. दात तसा नसतो. मुळाभोवती पातळ अस्तर असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात. हलका जोर सतत राहिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. जोर जास्त झाला तर रक्तवाहिन्याच दबतात. मग दात अडून बसतो, दुखतं ते वेगळंच. म्हणजे महिने वाचले नसते, वाढले असते.

वेड्यावाकड्या दातांत पहिल्याच दिवशी जाड स्टील घातली तर ती वाकून तशीच राहते, नाहीतर दातावर चिकटवलेली ब्रॅकेट उखडते. नायटाय म्हणजे वजनानं साधारण 55 टक्के निकेल, बाकी टायटॅनियम. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला. दातांसाठी जॉर्ज आंद्रेसन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. बराच वाकवला तरी हळूहळू आणि जवळजवळ सारख्या जोरानं मूळ आकाराला येतो.

दोन थाऊंचं म्हणाल तर गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 16 ला 14 नं भागा, आलेला आकडा चार वेळा घेऊन गुणा : 1.7. म्हणजे दोन थाऊंत 70 टक्के जास्त ताठ.

आता दात ओळीत आलेत. फटी मिटवायला दात तारेवरून घसरत न्यायचे, तिथं नायटाय लवते. स्टील लवत नाही, तिचं घर्षणही कमी आणि पक्कडीनं हवा तसा बाक देता येतो. 19-25 चौकोनी असल्यानं ब्रॅकेटच्या खाचेत फिरत नाही, म्हणून मुळाचा कलही तिनं सांभाळता येतो. स्वस्त आहे हे वहिनींचं खरं, पण या कामाला हीच लागते.

उद्यमबागचा टर्नर:
चौथा घात! हे वर्कशॉपात सांगणार. अजून एक, बायकोला खोट्या कानातल्यांनी पुरळ उठतं. पोरीला निकेलचा त्रास होईल?

निपाणीची दंतवैद्य:
मुलीला स्वतःला कधी पुरळ उठलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. स्टीलमध्येही साधारण 8 टक्के निकेल असतं. बीटा टायटॅनियमच्या तारेत ते नसतं. ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून कमी, बाकही देता येतो, पण दात तिच्यावरून घसरताना अडखळतात.

उद्यमबागचा टर्नर:
पोरीला तसलं कधी झालं नाही, तरी सांगून ठेवलं. मेण गोवावेसला मिळालं, टोक डॉक्टरांनी दोन मिनिटांत छाटलं. तिथंच काढलेली जुनी तार मागून घेतली. घरी बर्फाच्या पाण्यात धरून वाकवली तर मेल्यासारखी वाकडीच राहिली. गरम चहात बुडवली आणि क्षणात कमान! पोरगी टाळ्या पिटत होती. तो चहा मात्र कुणी प्यायला नाही, कप मलाच घासावा लागला.