सांदण दरी एका दिवसात: सोबत आई आणि मुलगी

डोंबिवलीची_मेघा:
जानेवारीअखेरच्या एका रविवारी भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीला जायचं ठरतंय. गाडी घरची, पहाटे चारला निघू. मुलगी बारा वर्षांची, गड चढायची सवय आहे. आईचे गुडघे दुखतात, पण तिला घरी ठेवून जायला मन होत नाही. रॅपलिंगचं पॅकेज घ्यावं का? पाणी किती असतं?

कातळवाट:
मेघाताई, या खेपेला रॅपलिंग नकोच. दोरावरून खाली उतरलं की आल्या वाटेने परतता येत नाही. करोली घाट चढून साम्रद, म्हणजे दरीच्या तोंडाशी असलेलं गाव, गाठावं लागतं, आणि पहाटे घरून निघालेल्या मुलीला तो चढ संध्याकाळी फार जड जाईल. जिथून दोर लागतो त्या पहिल्या कड्यापर्यंत जाऊन मागे फिरा. सांदणचं खरं वैभव तेवढ्यातच आहे: दोन्ही बाजूंना 200 फुटांच्या आसपास कातळ, आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की ऊन तळाशी जेमतेम दुपारी पोचतं. टोकाशी दरी एकदम कोकणाकडे उघडते. मला सह्याद्रीत याहून आवडती जागा नाही.

जानेवारीत डोहात कमरेइतकं पाणी असू शकतं. मुलीला ते छातीपर्यंत येईल, म्हणून गावातला वाटाड्या घ्याच. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडे कपडे गाडीत. दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे हवेत. डबा मात्र कड्याखाली बसून उघडू नका, वरून दगड सुटतात. अवकाळी पावसाचं चिन्ह दिसलं तर आत पाऊलही टाकू नका. घळ अरुंद, पाणी बघता बघता चढतं, आणि बाजूने वर निघायला वाट नाही.

जेवणाचं गावात आदल्या दिवशीच फोन करून सांगा. पिठलं-भाकरी गरम मिळते.

भंडारदऱ्याचा_भाचा:
आईंची काळजी नको. घोटी, बारी, शेंडी करत घाटघरवरूनच साम्रदला जाल. घाटघरचा कोकणकडा वाटेवरच आहे, गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही. सकाळी तिथे थांबा. नंतर आईंना साम्रदमध्ये ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्यांच्याच ओसरीवर बसवा. समोर रतनगड दिसतो.

डोंबिवलीची_मेघा:
दोघांचे मनापासून आभार. रॅपलिंग रद्द. परतताना रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर जमेल का? आईची फार इच्छा आहे.

कातळवाट:
तीनच्या आत दरीबाहेर आलात तर जमेल. उशीर झाला तर अंधारात त्या रस्त्याला लागू नका. मंदिर कोरीव आहे, घाईत बघण्यासारखं नाही. मग आईंसाठी भंडारदऱ्याला एक मुक्कामच करा.