कठीण काळात कथा लिहिल्याने खरोखर बळ मिळते का?

रानवाट
आईला स्मृतिभ्रंश झाल्यापासून तिची देखभाल मीच करते. रात्री ती झोपली की मी लिहायला बसते. आधी रोजनिशी लिहीत असे, परंतु तीच तक्रार रोज नव्या तारखेखाली उतरते आहे असे वाटू लागल्याने हल्ली कथा लिहिते. नायिका माझ्या वयाची नाही, तिचे गावही वेगळे आहे, तरी तिच्या अडचणी माझ्या ओळखीच्या आहेत. दुःख उगाळण्यापेक्षा तो वेळ झोपेला द्यावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. कथालेखनाने माणूस सावरतो, की हा केवळ माझा समज आहे?

शाईपेन
समज म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघातांविषयी लिहिले. लिहून उठल्यावर त्यांचे मन अधिकच खिन्न झाले, मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्या. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो ग्रीनबर्ग, वॉर्टमन आणि स्टोन यांचा १९९६ चा अभ्यास: त्यात काही जणींना स्वतःचा नव्हे, तर काल्पनिक आघात स्वतःवर ओढवला आहे असे समजून लिहायला सांगितले होते, आणि आजारपणाच्या बाबतीत त्यांनाही लाभ झाल्याचे आढळले. अर्थात पुढे शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी परिणाम लहानच निघाला, त्यामुळे फार मोठी आशा बाळगू नये.

जुनी वही
प्रयोगशाळेपर्यंत जाण्याआधी आपल्याकडच्या बायकांकडे पाहावे, असे मला वाटते. बहिणाबाई चौधरींना तिशीच्या सुमारास वैधव्य आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने शेतात आणि घरकामात रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. इंदिरा संत यांचे पती १९४६ साली गेले. त्यानंतर बेळगावात नोकरी आणि मुले सांभाळत त्यांनी लिहिलेल्या कवितेत विरह बहुतेक वेळा पाऊस, झाड, संध्याकाळ यांच्या आडून येतो. तो उघड मांडण्याची त्यांना क्वचितच गरज भासली. जात्यावरची ओवी पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांत सासुरवास, माहेर, भावाची वाट पाहणे हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. चाल ठरलेली, ओळींचे माप ठरलेले. दुःख त्या मापात बसवताना गाणारीला शब्द निवडावे लागतात, आणि निवड करणारी बाई तेवढा वेळ तरी निव्वळ सोसणारी राहत नाही. रोजनिशीत आपल्याला जे मिळाले नाही ते कथेत मिळते, त्याचे कारण मला यातच दिसते. शिवाय जात्याला बहुधा दोघी बसत, म्हणजे ऐकणारी समोरच असे.

आडगाव
वरील प्रतिसादांशी मी सहमत आहे, तरी घरच्यांची बाजूही थोडी ऐकावी. रुग्णाची देखभाल करणाऱ्याची झोप मोडत राहिली, तर कितीही चांगली कथा ती भरून काढणार नाही. लेखन हा आधार आहे, उपचार नव्हे. सतत हताश वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि आठवड्यातून एखादी दुपार दुसऱ्या कुणीतरी आईजवळ बसावे, असा आग्रह धरावा. त्या दुपारी लिहा, म्हणजे रात्र मोकळी राहील. दिवाळी अंकाला कथा पाठवण्याचा विचार असेल तर आईची ओळख पटेल असे तपशील मात्र बदला, कारण तिची संमती आता आपण घेऊ शकत नाही.

रानवाट
सर्वांचे आभार. ऐकणारीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. धाकट्या बहिणीला रविवारी आईजवळ बसायला बोलावणार आहे, आणि तिची तयारी असेल तर पहिली कथा तिलाच वाचून दाखवीन.