कॅसिनोच्या पैशात घरपट्टी माफ?

रविवार, सकाळ ८.४०

सागर (सी-५०२): गुड मॉर्निंग मंडळी. काल रात्री गोव्याहून परतलो. मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटी बघितल्या, आत दोन तास बसलोही. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. असलं एखादं गंगापूर धरणाकडे झालं तर नाशिकचं सोनं होईल! वायनरीमुळे मुंबईकर दर शनिवारी येतातच. महापालिकेकडे एवढा पैसा येईल की घरपट्टी माफ करतील.

देशमुख (ए-१०१): आधी किती घालवलेस ते सांग.

सागर (सी-५०२): ४ हजार. अनुभव म्हणून.

वैशाली (सी-५०२): ७.

देशमुख (ए-१०१): 😂😂

चेअरमन: सागर, पुढच्या वर्षी सिंहस्थ. रामकुंडावर स्नान आणि धरणावर पत्ते, शोभेल का रे?

सागर (सी-५०२): काका, २०२२ ला सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हाही हेच ऐकलं. द्राक्षं आपली, कारखाने आपले, आणि तो निर्णय बारगळला. शोभेल का ते राहू द्या, फक्त पैशाचं बोला.

निकम (ए-२०२): नोटा नाशिकरोडला छापायच्या आणि गंगापूर रोडला उडवायच्या. वाहतूक खर्च वाचेल 😀

सेक्रेटरी: ए विंगच्या वरच्या टाकीत पाणी कमी आहे. टँकर ११ पर्यंत येईल. गेटसमोर गाड्या लावू नयेत.

पाटील काकू (बी-३०४): बरं, पैशाचंच बोलू. बँकेत ३१ वर्षं कर्जाच्या फायली तपासल्या. प्रत्येक फायलीत उलाढालीचा आकडा मोठा असायचा. आम्ही विचारायचो, हातात काय उरतं?

आमची रेवा नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबोरोला राहते. तिथून तासाभरावर, राज्याची हद्द ओलांडली की व्हर्जिनियातलं डॅनविल. वस्ती चाळीस-बेचाळीस हजार, म्हणजे आपल्या सिन्नरपेक्षा लहान. तंबाखू आणि कापड गिरणीवर जगलेलं गाव. गिरणी २००६ ला बंद पडली. २०२० मध्ये व्हर्जिनियाने पाच शहरांना कॅसिनोची मुभा दिली, पण अट घातली की आधी गावाने मतदान करायचं. डॅनविलने हो म्हटलं. जुन्या गिरणीच्याच जागेवर २०२३ ला तात्पुरता आणि २०२४ च्या डिसेंबरात पक्का कॅसिनो उघडला. १,३०० नोकऱ्यांचं बोलणं होतं.

सागर (सी-५०२): बघा! मी तेच म्हणतोय.

पाटील काकू (बी-३०४): पुढचं वाच. मागच्या वर्षी मी रेवाकडे होते तेव्हा दुपारी मुद्दाम बघायला गेलो. आत गेलेच नाही, पार्किंगमध्ये फिरून नंबरप्लेटा बघितल्या. नॉर्थ कॅरोलिना, नॉर्थ कॅरोलिना, एखादी व्हर्जिनिया, परत नॉर्थ कॅरोलिना. जावई म्हणाले, आई, इथे कशाला फिरताय? म्हटलं, इथेच सगळं दिसतंय. शेजारच्या राज्यात आदिवासींचे सोडले तर कॅसिनो नाहीत, म्हणून तिथला पैसा हद्द ओलांडून डॅनविलला येतो. द्राक्षं परदेशी पाठवून पैसे आणावेत तसं आहे हे. बाहेरचा पैसा आला तर कमाई. गावातल्याच माणसाने खर्च केला तर खिसा तोच, फक्त गल्ला बदलला.

निकम (ए-२०२): काकू, हे मी दुकानात बघितलंय. सातपूरला माझं किराणा दुकान होतं. शेजारच्या गाळ्यात ऑनलाइन लॉटरी सुरू झाली. तेव्हा सगळे म्हणाले, निकमभाऊ, गर्दी वाढेल, तुमचाही धंदा वाढेल. गर्दी वाढली, पण बिडी-काडी आणि गुटख्यापुरती. कंपनीतली पोरं ७ तारखेला पगार झाला की आधी माझ्या उधारीच्या वहीत ५००-७०० जमा करायची आणि मग तेल-साखर न्यायची. सहा महिन्यांत ती ७ तारीख गेली. पोरं समोरून जायची, नजर चुकवायची. एकाची बायको वही बघायला आली तेव्हा मला पान उलटवेना. लॉटरीवाल्याने दोन माणसं कामाला ठेवली, मी माझा एक पोरगा कमी केला. आता सांगा, सातपूरात नोकऱ्या वाढल्या की कमी झाल्या?

देशमुख (ए-१०१): 🙏

सागर (सी-५०२): निकमकाका, पटलं. पण गरिबाची लॉटरी वेगळी आणि हे पर्यटन वेगळं. गोव्याने तर २०२० पासून गोवेकरांनाच खेळायला बंदी केली आहे. आपणही नाशिककरांना बंदी करू. सगळा पैसा मुंबईचा.

पाटील काकू (बी-३०४): हा मुद्दा चांगला काढलास. गोव्याला हे कळलंय हेच त्यातून दिसतं. सिंगापूरनेही २०१० ला सुरू करताना स्थानिकांना दिवसाला १०० सिंगापूर डॉलर प्रवेश फी लावली, पुढे १५० केली. बाहेरच्यांना फुकट. म्हणजे घरच्या माणसाचा पैसा नको, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण मग पुढचा प्रश्न. महाराष्ट्र सरकारने एकदा दार उघडलं की ते नाशिकपुरतं राहील का? लोणावळा म्हणेल आम्हालाही द्या. अलिबाग, महाबळेश्वर, रांगेत सगळे. मग मुंबईकर समृद्धीने नाशिकला कशाला येईल?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी आहे, तिचं हेच झालं. १९७६ ला मतदान, १९७८ ला पहिला कॅसिनो. जवळजवळ तीस वर्षं त्यांची चांदी. २००६ मध्ये शेजारच्या पेनसिल्वेनियात कॅसिनो उघडायला लागले, आणि तेच वर्ष यांच्या कमाईचं शिखर ठरलं. नंतर घसरगुंडी. २०१४ या एका वर्षात बारापैकी चार बंद. २०१६ ला शहराचा कारभारच राज्याने हातात घेतला. आणि जोरात चालू होते तेव्हाही गावातल्या खानावळींचा फायदा बेताचाच. खाणंपिणं आत स्वस्तात देतात, कारण गिऱ्हाईक दाराबाहेर पडूच द्यायचं नसतं.

वैशाली (सी-५०२): खरंय. आम्हाला आत जेवण फुकट होतं. सागरला तेच कौतुक.

सागर (सी-५०२): तू आज कोणाच्या बाजूने आहेस?

चेअरमन: पण पाटील वहिनी, घरपट्टीचं काय? शहराला काही मिळतं की नाही?

पाटील काकू (बी-३०४): तिकडे मिळतं. व्हर्जिनियाच्या कायद्यातच लिहिलंय, जुगारातल्या कमाईवर राज्याचा कर १८ टक्क्यांपासून सुरू, पहिल्या टप्प्यात त्या १८ पैकी ६ त्या शहराचे. शिवाय डॅनविलने सुरुवातीलाच मोठी रक्कम एकरकमी घेतली. त्यांच्याकडे मत होतं, म्हणून भाव करता आला. त्याच व्हर्जिनियात रिचमंडने २०२१ आणि २०२३, दोन्ही वेळा नाही म्हटलं.

आपल्याकडे कॅसिनोवर सध्या ४० टक्के जीएसटी, आधी २८ होता. तो अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. त्यात नाशिक महापालिका कुठे आहे? जकात गेली, एलबीटी गेला, आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. कॅसिनोकडून घरपट्टी, पाणीपट्टी मिळेल, एखाद्या मोठ्या हॉटेलकडून मिळते तेवढी. शनिवारी रात्री गंगापूर रोडवर उभे राहणारे वाहतूक पोलीस, रस्ता, सांडपाणी हे मात्र सगळं इथलंच.

देशमुख (ए-१०१): आणि कायदा? महाराष्ट्रात चालतं का हे?

पाटील काकू (बी-३०४): गंमत म्हणजे १९७६ चा कॅसिनो कायदा आपल्याकडे होता. कधीच लागू केला नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. म्हणजे सागरची बोट तूर्त तरी धरणात उतरत नाही.

सागर (सी-५०२): 😄 ठीक आहे, हरलो. पण काकू, एक सांगा, अशी कुठली परिस्थिती आहे का की तुम्ही हो म्हणाल?

पाटील काकू (बी-३०४): आहे ना. डॅनविलला मी त्यांच्या जागी असते तर कदाचित हो म्हटलं असतं. गिरणी गेलेली, दुसरा धंदा दारात उभा नाही, शेजारी प्रतिस्पर्धी नाही आणि शहराचा वाटा कागदावर. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ ला त्यांच्याच हद्दीजवळ कॅसिनोचा घाट घातला होता, तो बारगळला. उद्या परत आला तर डॅनविलचा हिशेब बदलेल. आपल्याकडे अंबड-सातपूरची एमआयडीसी आहे, ओझरचा विमान कारखाना आहे, द्राक्ष आहे, कांदा आहे. आपली गिरणी बंद पडलेली नाही.

निकम (ए-२०२): कांद्याचं नाव काढू नका काकू, तो खरा जुगार.

चेअरमन: 😂 निकम, हे फ्रेम करून ठेवतो.

सेक्रेटरी: टँकर आला आहे. एमएच १५ ची पांढरी स्विफ्ट गेटसमोरून काढा. कुणाची आहे?

सागर (सी-५०२): माझीच. येतो.

देशमुख (ए-१०१): हिशेबावरून आठवलं. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा करार नोव्हेंबरात संपतोय. वार्षिक सभेत नूतनीकरणाचा विषय आहे. मागच्या वेळीही आपण भाडं बघून हो म्हटलं होतं, मेंटेनन्स कमी होईल म्हणून.

वैशाली (सी-५०२): आमच्या बेडरूमचं छत आजही ओलं आहे.

देशमुख (ए-१०१): म्हणूनच म्हणतोय. काकू, किती भाडं आलं आणि गच्चीवर किती गेलं, एका कागदावर मांडून द्याल का?

पाटील काकू (बी-३०४): देते. वॉटरप्रूफिंगची बिलं कोणाकडे आहेत?

सेक्रेटरी: काकू, ती फाइल मार्चमध्ये तुम्हीच नेली होती.

पाटील काकू (बी-३०४): मग माळ्यावर असेल. सागर, गाडी लावून झाली की वर ये, स्टूल धरायला माणूस लागेल.