मदत हवी आहे: बायपासनंतर गुडघेदुखीला काय करता?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईची वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे. टाके आता फारसे दुखत नाहीत. सुरुवातीला खांदा मात्र जाम ठणकायचा. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने तसं होतं, चालत राहा, असं डॉक्टर म्हणाले. इथे नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रमतगमत फेऱ्या मारल्या, थांबलं.

खरा वैताग जुन्या गुडघ्यांचा. पूर्वी व्होवेरान नाहीतर कॉम्बिफ्लाम घेतली की भागायचं. आता दोन्ही बंद. त्यातल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनमुळे पोट आणि आतडं जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण ठरवून दिलेल्या डोसात रात्र निघत नाही. त्यात तिच्या सासूबाई "एका गोळीनं काय होतंय गं" म्हणत जुनी पट्टी पुढे करतात. शेवटी ती पट्टी मीच पर्समध्ये टाकून घेऊन आले!

बायपास झालेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी सांगा, रात्रीच्या दुखण्याला तुमच्या डॉक्टरांनी काय दिलं? वरून लावायच्या जेलमध्येही डायक्लोफिनॅक असतं, ते चालतं म्हणाले का? आणि इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे घरी येणारे चांगले फिजिओ कुणी आहेत का?

ताप, धडधड, पोटात जोराची कळ आली तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हे माहीत आहे. काढे आणि चूर्णं कृपया सुचवू नका, ताई लगेच मागवते.