होक्काइदोला फिशरीजसाठी कोणी गेलंय का?

फोंडेकरीण: नमस्कार, मी फोंड्याची, ताळगावला मरीन सायन्सचं एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष आहे. पुढे होक्काइदो युनिव्हर्सिटीत पीएचडीचा विचार चाललाय, साप्पोरोत खोली कितीला मिळते, जपानी कितपत यायला हवं आणि स्कॉलरशिपशिवाय जमतं का? घरी आईला थंडीचंच टेन्शन आहे.

दर्यावर्दी: साप्पोरो आधी डोक्यातून काढ बाय, युनिव्हर्सिटी साप्पोरोची असली तरी फिशरीजची फॅकल्टी हाकोदातेला आहे, ट्रेनने साडेतीन-चार तास लांब. मी तिथेच होतो. बंदराचं गाव, इका म्हणजे माणकीसारखा स्क्विड, त्यासाठी प्रसिद्ध, आणि ओशोरो मारू हे युनिव्हर्सिटीचं स्वतःचं ट्रेनिंग जहाज आहे, त्यामुळे तुझ्या विषयाला याहून चांगली जागा नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. थंडीचं म्हणशील तर खोलीत रॉकेलचा स्टोव्ह असतो, जानेवारीत त्याचाच खर्च जास्त, आणि कडाक्याच्या रात्री झोपायच्या आधी नळाच्या पाइपातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर पाइप गोठून फुटतो. आईला सांग मासळी भरपूर आहे, फक्त उकडा तांदूळ आणि ओला नारळ विसर, आमसुलं मात्र बॅगेत भरून ने.

म्हापशेकर: पैशांचं मी सांगतो. सरकारी युनिव्हर्सिटीची फी साधारण वर्षाला ५,३५,८०० येन, वर प्रवेशाचे २,८२,०००. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं पण पीएचडीत लॅब सोडून तेवढा वेळ कुठून काढणार, त्यामुळे मेक्स्ट म्हणजे जपान सरकारच्या स्कॉलरशिपच्या मागे लाग. तिचे दोन रस्ते, एक वकिलातीतर्फे, दुसरा युनिव्हर्सिटीतर्फे, दोन्हीत फी माफ होते आणि महिन्याला खर्चाला पैसे मिळतात. वयाची अट आहे पण तुला काही अडचण नाही.

फोंडेकरीण: हाकोदातेचं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं! मग आधी अर्ज करू की आधी प्रोफेसरला मेल?

दर्यावर्दी: आधी प्रोफेसर. त्यांचे दोन-तीन पेपर नीट वाच, तुझं डिझर्टेशन त्यांच्या कामाशी कुठे जुळतं ते चार ओळीत लिही, सगळ्यांना एकच मेल ढकलू नकोस, ते लगेच ओळखतात. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा परत लिही. लॅबमध्ये इंग्लिश चालतं पण सिटी ऑफिस, दवाखाना, घरमालक सगळं जपानीत, म्हणून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी तरी कर. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, आपल्याला जवळ म्हणजे पुणे नाहीतर मुंबई, फॉर्म बरेच महिने आधी निघतात, बघून ठेव.